आपल्यासारखे म्हणजे कोणासारखे?

‘आपण आपल्यासारखे जगावे’ हा सल्ला हल्ली फार स्वस्त झाला आहे. आपल्यासारखे म्हणजे नेमके कोणासारखे, हे मात्र सल्ला देणारा सांगत नाही. आमच्या खानदेशात हा प्रश्न एका माणसाने जगून पाहिला. तो मूळचा इथला नव्हता, ही गोष्ट आम्ही कधीच विसरून गेलो आहोत.

प्रताप शेठजींनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढले. ‘मी कोण?’ या प्रश्नाचा निवांत अभ्यास व्हावा, अशी ती जागा. कोकणातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने तिथे शिकायला आले आणि १९२४ साली गावातल्या शाळेत मास्तर झाले. वसतिगृहातल्या पोरांची अंथरुणे आवरायची, कपडे धुवायचे, त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढायचे. तत्त्वचिंतन सोडून हे काय, असे कोणी म्हणेलही. मला वाटते, त्यांना त्या प्रश्नाचे उत्तर पोरांच्या कपड्यांच्या ढिगाऱ्यापाशीच सापडले असावे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी ते उतरवून घेत होते. आई जशी निवडता येत नाही तसाच स्वधर्मही शोधावा लागत नाही, तो जन्माबरोबरच येतो, असे विनोबांनी तिथे मांडले. दुसऱ्याचे शब्द चार महिने इमानाने उतरवणाऱ्या गुरुजींनी पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली.

पण इथे मी अडखळतो. जन्माने येतो तो स्वधर्म, असे म्हटले की आपल्याकडे आधी जात उभी राहते. ‘आपल्यासारखे राहा’ हे वाक्य कित्येक पिढ्यांना ‘आपल्या पायरीने राहा’ याच अर्थाने ऐकावे लागले आहे. ज्याच्या वाट्याला झाडू आला त्याला त्यातच धन्यता मानायला सांगणे सोपे असते. सांगणाऱ्याच्या हातात झाडू नसतो.

गुरुजींनी जन्माने मिळालेली आई आयुष्यभर उराशी धरली. जन्माने मिळालेला मोठेपणा मात्र खाली ठेवला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या भाविकांना खुले व्हावे, म्हणून १ मे १९४७ रोजी ते उपोषणाला बसले. दहाव्या दिवशी दार उघडण्याचे ठरले, तेव्हाच त्यांनी उपोषण सोडले.