कोरियातला रविवार

शिवाजी विद्यापीठातून फिजिक्स नाहीतर केमिस्ट्रीत पीएच.डी. करायची आणि पोस्ट-डॉकसाठी कोरिया गाठायचा, ही वाट आता आपल्या भागात चांगलीच मळलेली आहे. थिन फिल्म, बॅटरी, सोलर सेल असलं काही करणारा कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस तिकडे हमखास भेटतो. इंजिनिअरिंगवाल्यांच्या तर कोरिया दारातच आलाय. रांजणगावला एलजी, माणगावजवळ विळे-भागाडला पॉस्को, आणि जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेतलेली ह्युंदाई. तेव्हा तुमच्यापैकी कुणी तिकडे जाईल, कुणी इथेच कोरियन साहेबाच्या हाताखाली काम करेल.

मी कुरुंदवाडचा. 2023 ते 2025 ही वर्षं मी देजॉन या शहरात काढली. लॅबमधल्या कामाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी सुट्टीच्या दिवसाबद्दल लिहितोय. कारण आपले कितीतरी लोक तिथे दोन-तीन वर्षं राहतात आणि लॅब ते खोली, खोली ते लॅब एवढाच कोरिया बघून परत येतात. रविवारी कुकर लावायचा, घरी व्हिडिओ कॉल करायचा आणि झोपायचं. बाहेर उणे दहा तापमान असताना असे चार-पाच रविवार ओळीने गेले की भला माणूस खचतो. आमच्यातला एक जण करार अर्धवट टाकून परतला. त्याचं लॅबमधलं काम उत्तम चाललं होतं, रविवारच त्याला खायला उठायचे.

यावर पहिला उपाय म्हणजे लिपी. कोरियन भाषा यायला वर्षं लागतात, पण त्यांची हान्गुल लिपी आठवड्यात येते. सेजोंग नावाच्या राजाने ती 1443 साली तयार करवली आणि 1446 साली जाहीर केली. 9 ऑक्टोबरला लिपीच्या नावाने तिथे चक्क राष्ट्रीय सुट्टी असते! मूळ व्यंजनं 14 आणि स्वर 10. व्यंजनांचे आकारही उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ, घसा कसे असतात त्यावरून घेतलेत. 'ग'ला एक रेघ वाढवली की 'ख', 'द'ला वाढवली की 'थ', 'ज'ला वाढवली की 'छ'. बालवाडीपासून क-ख-ग-घ घोकलेल्या माणसाला यात अवघड काय? अल्पप्राण-महाप्राणाच्या ज्या फरकापाशी गोरे लोक अडखळतात, तो आपल्या तोंडात आधीच बसलेला असतो. वाक्याची रचनाही आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. आईला ओम्मा आणि बापाला अप्पा म्हणतात, हे कळल्यावर आमच्या सीमाभागातल्या कानडी जाणणाऱ्यांना तर गंमतच वाटते. (त्यावरून लगेच नातं जोडायला जाऊ नये, असे योगायोग भाषांत होतात.)

लिपी आधी शिकायची कारण करमणुकीच्या जागांच्या पाट्या बहुतेक हान्गुलमध्येच असतात, आणि त्या जागा रस्त्यावरून दिसत नाहीत. तळघरात नाहीतर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असतात. पाटीच्या शेवटी 'बांग' हे अक्षर शोधायचं. बांग म्हणजे खोली. नोरेबांग म्हणजे गाण्याची खोली. तासावर भाड्याने घ्यायची, माईक हातात घ्यायचा, पडद्यावर शब्द येतात आणि गाणं संपल्यावर मशीन मार्क देतं. पीसीबांग म्हणजे गेम खेळायच्या कॉम्प्युटरची खोली. 1997 च्या आर्थिक संकटानंतर हा धंदा फोफावला. त्याच सुमारास ब्रॉडबँड पसरलं आणि 1998 साली स्टारक्राफ्ट हा गेम आला, मग काय विचारता!

माझ्या मते सगळ्यात भारी जिमजिलबांग. हे घामाघूम व्हायचं ठिकाण चोवीस तास उघडं असतं. आत गेल्यावर एकसारखी सुती चड्डी-बनियन मिळते. आधी अंघोळ, आणि ती पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी, पण एकत्र आणि संपूर्ण दिगंबर! आपल्या माणसाचा पाय इथेच अडतो. हॉस्टेलच्या नळावर टॉवेल गुंडाळून अंघोळ करणाऱ्यांना ते जड जाणारच. पण तिथे कुणी कुणाकडे बघत नाही, दहा मिनिटांत आपणही विसरतो. मग मिठाची खोली, मातीची खोली, बर्फाची खोली असं फिरायचं. भाजलेली तपकिरी अंडी खायची, सिक्खे नावाचं तांदळाचं गोड थंड पेय प्यायचं आणि गरम जमिनीवर आडवं व्हायचं. शेजारी अख्खं कुटुंब, आजीपासून नातवापर्यंत, टॉवेलच्या मेंढीच्या शिंगांसारख्या टोप्या घालून टीव्ही बघत पडलेलं असतं.

ही गरम जमीन मेकॅनिकलवाल्यांनी नीट समजून घ्यावी. तिला ओंडोल म्हणतात. जुन्या घरात स्वयंपाकाच्या चुलीचा धूर वर न सोडता जमिनीखालच्या दगडी पाटांतून नेत आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर काढत. जाता जाता तो वरच्या लाद्या तापवायचा. आपल्या पाण्याच्या बंबात जसा मधल्या नळीतला विस्तव भोवतालचं पाणी तापवतो, तसंच हे, फक्त आडवं. आता धुराऐवजी काँक्रीटमध्ये पाईप असतात आणि त्यातून बॉयलरचं गरम पाणी फिरतं. घरातली सगळ्यात उबदार जागा जमीनच असल्यामुळे बसणं, जेवणं, झोपणं जमिनीवर, आणि चपला दाराबाहेर. मांडी घालून पंगतीत बसणारा आपला माणूस या एका बाबतीत युरोपियनांपेक्षा कोरियन वाटतो.

अडचण वेगळीच आहे. या सगळ्या जागा मुळात घोळक्यासाठी आहेत. कित्येक हॉटेलांत शेगडीवरचं जेवण किमान दोन माणसांचंच मागवावं लागतं, एकट्याला देतच नाहीत. अलीकडे एकट्याने जेवणारे आणि एकट्याने गाणारे वाढलेत, त्यांच्यासाठी नाणं टाकून एकच गाणं म्हणायच्या छोट्या नोरेबांगही निघाल्यात. तरीही एकटा परदेशी माणूस उपरा पडतो. घोळक्यात शिरायचं तर वय सांगावं लागतं. ओळख होताच कोरियन माणूस वय विचारतो, त्यात आगाऊपणा काही नाही. त्याला अहो-जाहो करायचं की अरे-तुरे, हे ठरवायचं असतं. एका वर्षाने मोठा असेल तर तो 'मित्र' नसतो, थोरला भाऊ असतो. मग जेवणाचं बिल बहुधा तोच देतो. लॅबच्या सामूहिक जेवणात, ज्याला ह्वेशिक म्हणतात, दारूचा आग्रह होतो. पूर्वी तो फार असायचा, आता बराच कमी झालाय. पीत नसाल तर पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. किमचीतही बऱ्याचदा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो, शाकाहारी मंडळींनी विचारूनच खावी.

राजवाडे, म्युझियम बघावेतच, पण ते एकदाच. दर रविवारी पुरतात ते डोंगर. देशाचा बहुतेक भाग डोंगराळ असल्याने प्रत्येक शहराला आपला डोंगर आहे. देजॉनजवळच्याचं नाव ग्येर्योंगसान, म्हणजे कोंबडा-ड्रॅगन डोंगर. कोंबड्याचा तुरा घातलेल्या ड्रॅगनसारखी त्याची धार दिसते म्हणे! साठी-सत्तरीतल्या आजीबाई भडक रंगाचे जॅकेट घालून, हातात काठ्या घेऊन आपल्याला सहज मागे टाकतात. वर थांबल्या की हाक मारून काकडी हातावर ठेवतात. इतक्या महिन्यांत कुणी आपणहून विचारपूस केली असेल तर ती इथेच. पायथ्याला दोंगहाक्सा हा बौद्ध भिक्षुणींचा मठ आहे. कोरियन मठांतल्या जेवणात मांस-मासे नसतातच, पण कांदा-लसूणही वर्ज्य. नरसोबाच्या वाडीला चातुर्मास पाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

परीक्षा असते ती चुसॉकला. हा त्यांचा मोठा सण, चांद्र आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा. सगळे गावाकडे जातात, पूर्वजांना नवीन तांदळाचा नैवेद्य दाखवतात, थडग्यांवरचं गवत काढतात. सोंगप्यॉन नावाचा पदार्थ करतात. तांदळाच्या पिठाची पारी, आत तीळ नाहीतर डाळीचं सारण, आणि देवदाराच्या जातीच्या झाडाच्या सुईसारख्या पानांवर उकडलेलं. उकडीच्या मोदकाचा चुलतभाऊच! 2024 साली चुसॉक 17 सप्टेंबरला आला, म्हणजे बरोबर अनंत चतुर्दशीला. 2025 साली मात्र 6 ऑक्टोबरला, आपल्या कोजागिरीला. त्यांच्याही पंचांगात अधिक महिना असतो, पण तो आपल्याबरोबरच पडेल असं नाही. 2025 ला त्यांचा सहावा महिना दोनदा आला, आपला अधिक ज्येष्ठ 2026 चा.

त्या वर्षी सुट्ट्या जोडून आल्या आणि 3 ते 9 ऑक्टोबर असे सात दिवस सगळं थंड होतं. मेस बंद, लॅबमध्ये चिटपाखरू नाही. अशा आठवड्यात कुणी घरी बोलावलं तर संकोच न करता जावं. आदल्या वर्षी लॅबमधल्या थोरल्या भावाने मला गावी नेलं होतं. त्याच्या वडिलांना मी सांगितलं, आज आमच्या गावात पंचगंगेच्या घाटावर गणपती विसर्जन आहे, आणि कुरुंदवाडात मशिदीतही गणपती बसतो. त्यांनी ते मुलाकडून दोनदा समजून घेतलं.

दुपारी टीव्हीवर शिरुम लागलं. ही त्यांची कुस्ती, वाळूच्या आखाड्यातली. कमरेला आणि मांडीला बांधलेल्या कापडी पट्ट्याला सातबा म्हणतात (सातबारा नव्हे!). दोघे गुडघ्यावर बसून एकमेकांचा सातबा पकडतात, मग उठून जोर लावतात. गुडघा किंवा त्याच्या वरचा कुठलाही भाग वाळूला टेकला की हरला. वजनगटांना पर्वतांची नावं आहेत, सगळ्यात वरचा गट पेक्टू. 2018 साली उत्तर आणि दक्षिण कोरियाने मिळून युनेस्कोच्या यादीत या कुस्तीची नोंद केली, दोघांची ती पहिलीच एकत्र नोंद. मी मोबाईलवर त्यांना आपली लाल माती दाखवली, शाहू महाराजांनी बांधलेलं 1912 चं खासबाग मैदान दाखवलं. दोन्ही खांदे टेकल्याशिवाय आमच्यात कुस्ती होत नाही म्हटल्यावर म्हातारा खूश झाला. पूर्वी शिरुम जिंकणाऱ्याला बैल मिळायचा, तुमच्याकडे काय देतात, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा. तर गदेचं वजन किती, हे त्याला लगेच पाहिजे होतं.