विश्लेषण : स्वॉन्झीतील कुटुंबे हिवाळ्यात फिरायला निघण्याआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक का पाहतात?

वेल्समधील हिवाळा म्हटला की बर्फ डोळ्यांपुढे येतो. याच शहरात जन्मलेल्या डिलन टॉमस यांनी ‘अ चाइल्ड्स ख्रिसमस इन वेल्स’मध्ये बालपणीच्या बर्फाळ नाताळाचे वर्णन केले आणि ते जगभर पोहोचले. प्रत्यक्षात स्वॉन्झीत बर्फ क्वचित पडतो. पाऊस मात्र भरपूर असतो. ब्रिटनमधील सर्वाधिक पावसाच्या शहरांत स्वॉन्झीची गणना होते. अशा दिवसांत मुलांना घेऊन कुठे आणि कधी जायचे, हे तिथे तीन गोष्टी ठरवतात : सूर्य, समुद्र आणि खिसा.

स्वॉन्झी नेमके कसे शहर आहे?

दक्षिण वेल्सच्या किनाऱ्यावरील हे शहर लोकसंख्येने वेल्समध्ये कार्डिफखालोखाल येते. २०२१च्या जनगणनेनुसार स्वॉन्झीची लोकसंख्या सुमारे दोन लाख ३८ हजार आहे. टावे नदीच्या मुखाशी वसल्याने वेल्श भाषेत त्याचे नाव ‘आबेरतावे’. एकोणिसाव्या शतकात तांबे गाळण्याच्या उद्योगामुळे ते जगभर ओळखले जाई. ‘शहर’ हा अधिकृत दर्जा मात्र १९६९मध्ये मिळाला. पश्चिमेला लागूनच गॉवर द्वीपकल्प आहे. ब्रिटनमध्ये ‘असाधारण निसर्गसौंदर्याचा प्रदेश’ हा दर्जा मिळालेला हा पहिला प्रदेश (१९५६). म्हणजे कामाचे शहर आणि मोकळा किनारा यांत मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाचेच अंतर.

मग हिवाळ्यात अडचण कोणती?

पहिली अडचण उजेडाची. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारनंतर लगेच मावळतो. जेमतेम आठ तासांचा दिवस. मुलांची शाळा तीन-साडेतीनला सुटते. घरी येऊन दप्तर ठेवेपर्यंत अंधार पडू लागतो. सोमवार ते शुक्रवार बाहेर खेळणे जवळपास बंदच. त्यामुळे शनिवार-रविवार, नाताळची सुट्टी आणि फेब्रुवारीतील ‘हाफ टर्म’ची आठवडाभराची सुट्टी यांना मोठे मोल येते. दिवसाचे कमाल तापमान साधारण आठ-नऊ अंश असते. थंडीपेक्षा ओला वारा अधिक झोंबतो. म्हणून लहानथोरांच्या पायांत रबरी बूट आणि अंगावर जलरोधक कोट असतोच.

यात समुद्राचा संबंध काय?

दुसरे घड्याळ समुद्राचे. स्वॉन्झी ब्रिस्टल खाडीवर आहे. ही खाडी नरसाळ्यासारखी निमुळती होत जाते. अटलांटिकचे पाणी तिच्यात शिरले की त्याला पसरायला जागा राहत नाही, ते वर चढते. म्हणून या खाडीतील भरती-ओहोटीतील फरक जगातील सर्वात मोठ्या फरकांपैकी एक आहे. मुंबईत साडेचार मीटरहून उंच भरती असली की महापालिका इशारा देते. स्वॉन्झीत उधाणाच्या दिवसांत भरती साडेनऊ मीटरपर्यंत जाते आणि ओहोटीला पाणी जवळजवळ साडेआठ मीटर खाली उतरते. किनारा उतरता नसून पसरट असल्याने पाणी दूरवर मागे हटते. सकाळी लाटा भिंतीला धडकत होत्या, तिथे दुपारी मुले फुटबॉल खेळत असतात.

यात एक योग आहे. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत येथील मोठी ओहोटी दुपारी साडेबारा-एकच्या आसपास येते. म्हणजे दिवसातला उत्तम उजेड आणि सर्वात रुंद वाळू एकाच वेळी मिळतात. अष्टमीच्या सुमारास उलट होते; दुपारी भरती असते आणि वाळूची पट्टी अरुंद होते. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी कामाची नसते.

वेळ चुकली तर धोका किती?

गॉवरच्या टोकाला रॉसिली येथे वर्म्स हेड नावाचा खडकाळ सुळका आहे. तिथे जाणारी खडकांची वाट ओहोटीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास, एवढीच उघडी असते. मुंबईत हाजी अलीची वाट भरतीत पाण्याखाली जाते, तसाच हा प्रकार; पण येथे प्रवाह फार जोरदार असतो. डिलन टॉमस यांच्या एका कथेतील दोन मित्र असेच वर्म्स हेडवर अडकतात. आजही लोक अडकतात. उन्हाळ्यात अडकलेल्याला निदान उजेड मिळतो. डिसेंबरात तासाभरात काळोख होतो. परतीची वाट बुडाली असेल तर पाण्यात उतरायचे नाही, उंच जागी थांबायचे आणि ९९९ क्रमांकावर तटरक्षकांची मदत मागायची, हा तिथला नियम. मुले बरोबर असतील तर वाटेवर न उतरता कड्यावरून फिरणेच बरे. त्याच रॉसिलीच्या किनाऱ्यावर १८८७मध्ये फुटलेल्या ‘हेल्वेशिया’ जहाजाचे लाकडी सांगाडे ओहोटीला वाळूतून वर दिसतात. मुलांना ते पुरेसे साहस असते.

पावसाच्या दिवशी कुटुंबे कुठे जातात?

येथे खिशाचा प्रश्न येतो. चार जणांच्या कुटुंबाला दर शनिवारी तिकीट काढून करमणूक परवडत नाही, त्यातून हिवाळ्यात घर उबदार ठेवण्याचा खर्च वाढलेला असतो. म्हणून मोफत जागा महत्त्वाच्या ठरतात. बंदराजवळचे राष्ट्रीय वॉटरफ्रंट संग्रहालय २००५मध्ये उघडले. वेल्समधील सर्व राष्ट्रीय संग्रहालयांप्रमाणे तिथे प्रवेश मोफत आहे. जवळच १८४१च्या इमारतीतील स्वॉन्झी संग्रहालयात इजिप्तची ममी आहे, तीही विनामूल्य पाहता येते. अलीकडच्या वर्षांत शाळेच्या सुट्ट्यांतील काही दिवशी स्थानिक परिषदेने शहरातील बसप्रवासही मोफत ठेवला आहे.

पाऊस थांबला की किनाऱ्याने मम्बल्सपर्यंत जाणारा सपाट रस्ता असतो. बाबागाडी आणि छोटी सायकल, दोन्ही त्यावरून सहज जातात. १८०७मध्ये जगातील पहिली प्रवासी रेल्वेसेवा याच मार्गावर सुरू झाली. तेव्हा डबे घोडे ओढत. ही रेल्वे १९६०मध्ये बंद झाली.

आणि खाणे-पिणे?

१९४१च्या बॉम्बहल्ल्यात जुनी बाजारपेठ नष्ट झाल्यावर १९६१मध्ये नवी छपराखालची मंडई उभी राहिली. पावसात फिरायला ती सोयीचीच. तिथे पेनक्लाउद गावाच्या किनाऱ्यावर वाळूतून वेचलेले शिंपले, समुद्रशेवाळ तासन् तास शिजवून केलेला ‘लेव्हरब्रेड’ नावाचा काळपट लगदा आणि तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले वेल्श केक मिळतात. गंमत म्हणजे येथे आइस्क्रीमही हिवाळ्यात खाल्ले जाते. इटलीहून आलेल्या कुटुंबांनी ही सवय लावली. १९२२पासूनचे ‘जोज’ हे त्यातले सर्वात प्रसिद्ध नाव.

पुढे काय?

समुद्र आणि सूर्य यांचे वेळापत्रक आधीच छापता येते. तिसऱ्या घड्याळाचे तसे नाही. २०२४मध्ये वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेने सुमारे ४५ लाख पौंडांची तूट आणि किमान ९० पदांची कपात जाहीर केली. मोफत प्रवेश म्हणजे फुकट चालणारी संस्था नव्हे. तिथल्या दिव्यांचा, उबेचा आणि पहारेकऱ्यांचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो. दिवसाचे आठच तास उजेड आणि त्यातले अर्धे पावसाचे असतील, तर मुलांना चार भिंतींबाहेर नेणारी अशी जागा ही चैन राहत नाही. १ मार्चला सेंट डेव्हिड दिनी मुले कोटावर डॅफोडिलचे फूल लावून शाळेत जातात, तोवर दिवस अकरा तासांचा झालेला असतो. तिथवर पोहोचेपर्यंत कुटुंबांचा आधार दोनच गोष्टींचा : ओहोटीची दुपार आणि उघडे असलेले एक दार.