मांडणी : वाचकाविषयींचें सौजन्य

गतवर्षीं पालकांस पाठवावयाची एक सूचना मीं लिहिली होती. परीक्षेची तारीख, फी भरण्याची मुदत, बरोबर आणावयाचें साहित्य, सर्व कांहीं तींत होतें. शुद्धलेखनाची एकहि चूक नव्हती. परंतु सारा मजकूर एकाच परिच्छेदांत दाटून भरलेला होता. एका विद्यार्थ्याचे वडील दूरच्या गांवाहून पायीं आले, ते मुदत टळल्यावर दुसऱ्या दिवशीं! तारीख कागदावर होती. पण त्यांच्या डोळ्यांस ती सांपडली नाहीं. दोष त्यांचा नव्हता, माझा होता.

लिहिणाऱ्यानें वांचविलेले श्रम वाचणाऱ्यास करावे लागतात. जुन्या मोडी पत्रांत आधीं शिरोरेषा ओढून तिच्याखालीं शब्द न तोडतां अक्षरें लिहीत. शब्द कोठें संपला हें वाचकानेंच ताडावयाचें! पुढें १९ व्या शतकांत मराठी ग्रंथांत विरामचिन्हें रूढ झालीं. त्या कामीं मेजर थॉमस कँडी यांचा पुढाकार होता. ह्या लहानशा खुणांनीं मजकुरांत विसांव्याच्या जागा निर्माण केल्या.

मांडणीनें केवळ श्रमच नव्हे, तर प्राणहि वांचतात. क्रिमियाच्या युद्धांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ सालीं स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयांत शुश्रूषेसाठीं गेल्या. एकट्या जानेवारी १८५५ मध्यें जखमांनीं ८३ सैनिक मेले, तर रोगांनीं २,७६१. स्वच्छतेचीं कामें झाल्यानंतर, जानेवारी १८५६ मध्यें, रोगांचे बळी अवघे ४२ होते. आंकडे कोष्टकांत होतेच. परंतु कोष्टकावरून थकलेली नजर सहज घसरून जाते. म्हणून १८५८ सालीं त्यांनीं वर्तुळाकार आकृति प्रसिद्ध केली. प्रत्येक महिन्यास एक पाकळी. टाळतां येण्याजोग्या रोगांस निळा रंग, जखमांस तांबडा, इतर कारणांस काळा. आणि रंगाचें क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणानुसार. शत्रूच्या गोळीपेक्षां अस्वच्छता अधिक घातक, ही गोष्ट एका दृष्टिक्षेपांत कळूं लागली. लष्करी आरोग्याच्या सुधारणेसाठीं त्यांनीं चालविलेल्या प्रयत्नांत ही आकृति मोठेंच साधन ठरली.

तुमच्या उत्तरपत्रिकेसहि हाच न्याय लागू आहे. एका परिच्छेदांत एकच मुद्दा घ्या. क्रमानें करावयाच्या कृतींस आंकडे घाला. दोन वनस्पतींची तुलना करावयाची असल्यास कोष्टक आंखा, म्हणजे समान गोष्टी समोरासमोर येतील. काळाबरोबर होणारा चढउतार दाखवावयाचा असल्यास आलेख काढा. समास मोकळा सोडा. अधोरेखा मात्र जपून वापरा. प्रत्येक ओळ अधोरेखित केली तर एकहि ओळ उठून दिसत नाहीं. वेलबुट्टी व रंगीत शाई म्हणजे मांडणी नव्हे. नाइटिंगेलबाईंच्या आकृतींतील प्रत्येक रंगाला अर्थ होता; ज्या रंगाला अर्थ नाहीं, तो वाचकाचें लक्ष विनाकारण वेधून घेतो. आणि मूळ माहितीच चुकीची असेल, तर सुंदर मांडणीनें ती खरी होत नाहीं, उलट अधिक फसवी होते.

यंदाची सूचना मीं पुन्हां लिहिली. मुदतीची तारीख मोठ्या अक्षरांत, एकटीच, चौकटींत घातली. साहित्याची यादी क्रमांक देऊन खालीं उतरविली. शब्द पूर्वीपेक्षां कमीच लागले. मुदत टळल्यावर यंदा कोणासहि यावें लागलें नाहीं.

लिहून झाल्यावर कागद हातभर दूर धरून पाहा. दिवसभराच्या कामानें थकलेल्या माणसास त्यांतील मुख्य गोष्ट प्रथम दिसते काय? दिसत नसेल, तर लेखन अद्याप पुरें झालेलें नाहीं.