गाडीचे नाक आणि पुलावरचे पाणी

स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो, मिनिटाला सहा ते आठ लिटर. बाराशे सीसीची पेट्रोल गाडी तीन हजार आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पळवली, तर तिचे इंजिन मिनिटाला दीड हजार लिटरच्या पुढे हवा ओढते. दोनशे माणसांचा श्वास एका बॉनेटखाली चाललेला असतो. फरक एवढाच, की आपल्या घशात पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेने गेला तर ठसका लागतो, स्वरयंत्र आपोआप मिटते. इंजिनाला ठसका नाही. समोर हवा असेल तर हवा, पाणी असेल तर पाणी, ते सारख्याच जोराने ओढते.

आरोग्याच्या सदरात गाडीचे इंजिन कशाला, असे कोणी विचारेल. कारण पावसाळ्यात पुलावरून वाहून गेलेल्या गाड्यांच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा एकच वाक्य येते : ‘गाडी पाण्यात बंद पडली.’ बंद पडणे ही मेकॅनिकची बाब असली, तरी त्यानंतरची दहा मिनिटे आमच्या खात्यातली आहेत.

गेल्या काही वर्षांत तरुणांमध्ये गाडीला बाहेरचा एअर फिल्टर बसवण्याची हौस वाढली आहे. मुळात ही स्पोर्ट्स कारची गोष्ट. आपल्या जिल्ह्यात स्पोर्ट्स कार दिसलीच तर समृद्धी महामार्गावरून जाताना. पण तिच्यातले सामान आता साध्या हॅचबॅकलाही बसते आणि घरपोच मिळते. आमच्याकडच्या एका तरुण डॉक्टरनेही ते बसवले. “सर, पिकअप वाढला आणि आवाज तर एकदम रेसच्या गाडीसारखा!” मी विचारले, “अरे बाबा, फिल्टर बसवलाय कुठे?” त्याने बंपरकडे बोट दाखवले. खाली, चाकाच्या पुढच्या कमानीत. जमिनीपासून वीतभर फार तर.

यामागे शास्त्र आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. थंड हवा दाट असते. तापमान दहा अंशांनी उतरले तर तेवढ्याच जागेत तीन टक्क्यांच्या आसपास जास्त हवा मावते, म्हणजे तेवढा ऑक्सिजन जास्त. म्हणून बॉनेटखालची तापलेली हवा न घेता बंपरमागची गार हवा घ्यायची, असा हा ‘कोल्ड एअर इनटेक’. दुसरा प्रकार बॉनेटखालीच उघडा शंकूसारखा फिल्टर लावण्याचा. त्याला पाण्याचा धोका कमी, पण एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात तो इंजिनाजवळची भट्टीसारखी हवा ओढतो आणि आहे ती ताकदही कमी करू शकतो. माझे मत विचाराल तर बहुतेकांना हवा असतो तो आवाजच.

कंपनीने दिलेले नाक मात्र विचार करून केलेले असते. हवा घेणारे तोंड बहुधा वर, हेडलाइटच्या मागे किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीजवळ. तिथून हवा वळणे घेत बंद डब्यात येते. डब्याच्या तळाला पाणी निथळायला छिद्र, मग कागदी फिल्टर. आपल्या नाकातही वळणे, केस आणि ओलावा यांची अशीच व्यवस्था आहे. बाहेरचा पाइप लावताना हा डबा काढून टाकला जातो आणि तोंड खाली येते.

नुसत्या पावसाने इंजिन बिघडते, हा समज मात्र चुकीचा आहे. फिल्टरवर उडालेले थेंब, दमट हवा, थोडासा फवारा यांची इंजिनात वाफ होऊन जाते. दुसऱ्या महायुद्धातल्या काही लढाऊ विमानांच्या इंजिनांत तर जास्त ताकदीसाठी मुद्दाम पाण्याचा फवारा सोडत. फिल्टरवर घालायचे पाणी न शोषणारे आवरण मिळते, ते अशा शिंतोड्यांपुरते कामाचे आहे. खरा धोका फिल्टर पाण्यात बुडण्याचा. तेव्हा इंजिन शहाळ्यातल्या नळीसारखे पाणी वर खेचते, आणि आवरण तिथे काही करू शकत नाही.

किती पाणी पुरते? साडेबाराशे सीसीच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात एका सिलिंडरमध्ये सुमारे ३१२ मिलिलिटर हवा येते. पिस्टन वर येऊन ती सोळा-सतरा पट आवळतो, तेव्हा वर उरते जेमतेम २० मिलिलिटर जागा. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणाऱ्या चमच्याने मोजले तर चार चमचे. पेट्रोल गाडीत सहा-सात चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एका सिलिंडरमध्ये याहून जास्त पाणी शिरले की वर येणारा पिस्टन भिंतीवर आदळल्यासारखा थांबतो. गती कमी असेल तर इंजिन नुसते बंद पडते. गती जास्त असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी इंजिनाचा ब्लॉकही फुटतो. गॅरेजमध्ये याला ‘हायड्रोलॉक’ म्हणतात.

पाणी किती खोल आहे याचा अंदाज काठावरून घेतला तरी फसतो. गाडी पाण्यात शिरताना बंपरपुढे लाट उभी राहते, त्यामुळे पाणी जिथे असते त्याहून वर चढते. समोरून ट्रक किंवा एसटी आली तर तिची लाट वेगळी. मूळ डबा असलेली गाडी ज्या पाण्यातून निभावून जाते, त्याच पाण्यात खाली फिल्टर लावलेली गाडी मध्येच मान टाकते.

आता वाशीम जिल्ह्याचे पाहू. रिसोडकडे पैनगंगा, मालेगावकडे काटेपूर्णा, कारंजा-मानोऱ्याकडे अडाण, शिवाय नावही नसलेले असंख्य नाले. काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी जिरवत नाही, सगळे पाणी नाल्याकडे धावते. वर कुठेतरी जोराची सर झाली, तर आपल्या डोक्यावर ऊन असतानाही नाला अर्ध्या तासात रपट्यावरून वाहू लागतो. महामार्गावरून शेलूबाजारला उतरून गावाकडे वळणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे ठाऊक नसते. तिकडे पाणी तुंबते, इकडे पाणी वाहते. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत.

वाहत्या पाण्यात हिशेब बदलतो. लहान मोटारीचे वजन एक टनाच्या आसपास आणि तळाचे क्षेत्रफळ सहा चौरस मीटरच्या जवळपास. पाणी तळाला टेकल्यावर दर एक सेंटिमीटर चढताना गाडीला सुमारे ६० किलोने वर उचलते. सतरा-अठरा सेंटिमीटर चढले की गाडी तरंगायला लागते. जमिनीपासून मोजले तर गुडघ्याच्या जरा खाली. साधारण फूटभर वाहते पाणी लहान गाडी हलवते, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते, मोठ्या एसयूव्हीदेखील. १२ जुलै २०२२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात नांदा गोमुखजवळच्या पुलावरून अशीच एक एसयूव्ही आतल्या माणसांसह वाहून गेली. त्याआधी २८ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्या शेजारच्या उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यात नांदेडहून नागपूरकडे जाणारी एसटी बस वाहून गेली. कित्येक टनांची बस. दोन्ही घटनांत माणसे दगावली.

म्हणूनच जीपला खांबासारखे उंच नाक, म्हणजे स्नॉर्कल, लावणाऱ्यांनीही फुशारून जाऊ नये. त्याने इंजिन श्वास घेत राहते, गाडीचे वजन वाढत नाही. खाली फिल्टर लावलेली गाडी नाल्याच्या मधोमध बंद पडते आणि स्नॉर्कलवाली चालू इंजिनासह तरंगते. दोघांनाही धोका सारखाच.

तुंबलेल्या पाण्यातला धोका वेगळा असतो, तो महाराष्ट्राने २६ जुलै २००५ रोजी पाहिला. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आपल्याकडे जवळपास सबंध पावसाळ्यात होतो तेवढा. तेव्हा बंद मोटारींत अडकून, गुदमरून माणसे गेली. पाणी आत आल्यावर विजेवर चालणारी कुलपे आणि काचा दगा देतात. दार ढकलायला जावे तर बाहेर अर्धा मीटर पाणी असताना त्यावर सव्वाशे किलोच्या आसपास भार असतो. त्यात एसीसाठी इंजिन चालू ठेवले आणि सायलेन्सर पाण्याखाली असला, तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोके दुखल्यासारखे वाटते, मग झोप येते.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. ही सूचना इंजिनासाठी जितकी, तितकीच तुमच्यासाठी आहे, कारण सेल्फ मारण्यात जातो तो वेळ बाहेर पडण्याचा असतो. आधी पट्टे काढा आणि बाजूची काच खाली करा, वीज अजून चालू असते तेव्हाच. दाराशी झटत बसू नका. मुलांना आधी खिडकीतून बाहेर द्या. पाणी ओढ घेत असेल तर टपावर चढा. फोन त्यानंतर. काच उतरत नसेल तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात टोकदार वस्तूने मारा. समोरची काच दोन थरांची असते, तिच्यावर शक्ती घालवू नका. छोटी हातोडी डिकीत ठेवून उपयोग नाही, ती हाताशी हवी.

बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर आपल्याकडे अजूनही त्याचे पोट दाबतात, उलटे टांगतात. असे करू नका. पोटातले पाणी वर येऊन फुप्फुसात जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास थांबला की मेंदूला चार-पाच मिनिटांत इजा होऊ लागते. माणूस श्वास घेत नसेल तर त्याला पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक बंद करून तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबून २ श्वास, असे चालू ठेवा. दुसऱ्या कोणाला तरी १०८ लावायला सांगा. श्वास द्यायला जमत नसेल तर निदान छाती दाबणे थांबवू नका.

आणि जो शुद्धीवर आहे, बोलतो आहे, ‘मला काही झाले नाही’ म्हणतो आहे, त्यालाही नाकातोंडात पाणी गेले असेल तर रुग्णालयात आणा. फुप्फुसातल्या बारीक पिशव्यांना आतून लागलेला थर पाण्याने धुतला जातो आणि काही तासांत धाप लागू शकते. खोकला थांबत नसेल, श्वास जलद होत असेल, मूल सुस्त पडले असेल तर सकाळची वाट पाहू नका. पुराच्या पाण्यात जखम झाली असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर पुराच्या पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचा संशय त्यावरूनच येतो.

गाडीचे म्हणाल तर ती तशीच टो करून न्यावी. पेट्रोल गाडीचे प्लग काढून मेकॅनिकने आधी सिलिंडरमधले पाणी बाहेर काढावे, तेल बदलावे, मगच सेल्फ मारावा. विम्यात इंजिनासाठीचे वेगळे संरक्षण घेतले आहे का, ते पावसाळ्याआधी पाहून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने आहेत आणि दावा करताना कंपनी तोही प्रश्न काढू शकते. कंपनीचा काढलेला डबा माळ्यावर पडला असेल, तर निदान जून ते सप्टेंबर तो परत बसवून घ्या. गॅरेजमध्ये फार वेळ लागत नाही. आमच्या तरुण डॉक्टरने तो बसवला आहे. आवाज गेल्याची हळहळ त्याला अजून आहे.