'ऑब्जेक्शन' आणि 'अंडर प्रोटेस्ट' एकच आहे का? जमिनीचा मोबदला घेण्याआधी हे वाचा

बुलढाणा जिल्ह्यात नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्प उभा राहतोय. अशा प्रकल्पासाठी जमीन गेली की ऑब्जेक्शन, प्रोटेस्ट, रेफरन्स, अपील हे शब्द कानावर पडायला लागतात. बोलताना आपण सगळ्यालाच 'हरकत घेतली' म्हणतो. कायद्यात मात्र प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात ऑब्जेक्शन सगळ्यात आधी येतं. प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्यायची (कलम १५). हा आक्षेप जमीन घेण्यावरच असतो. एवढी जमीन कशाला, हीच का, यात सार्वजनिक हित कोणतं? भाव कमी असल्याची तक्रार इथे करून उपयोग नाही, कारण भाव अजून ठरलेलाच नसतो.

तो ठरतो निवाड्यात. आणि गल्लत होते ती इथे.

प्रोटेस्ट म्हटलं की आपल्याला मोर्चा आठवतो. 'अंडर प्रोटेस्ट' पैसे घेणं म्हणजे मात्र एवढंच सांगणं : पैसे घेतोय, पण ही रक्कम मला मान्य नाही. कलम ७७ नुसार, असा विरोध न नोंदवता ज्याने मोबदला घेतला, त्याला वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येत नाही. 'आम्ही आधीच हरकत दिली होती की' हे उत्तर चालत नाही. ती हरकत जमिनीबद्दल होती, रकमेबद्दल नाही. मुदतीत वाढीव मोबदल्याचा अर्ज दिला असेल तर तोच विरोध मानावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखालच्या एका प्रकरणात म्हटलंय. पण एका ओळीसाठी कोर्टाच्या दयेवर कशाला राहायचं? पैसे थेट खात्यात येणार असतील, तर पत्र आधीच द्या.

नुसतं विरोध नोंदवूनही रक्कम वाढत नाही. त्यासाठी 'रेफरन्स', म्हणजे प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवा असा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज (कलम ६४). निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत ६ आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यात जे आधी संपेल ते.

अपील त्याच्याही पुढचं. प्राधिकरणाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत उच्च न्यायालयात. बुलढाण्यासाठी ते नागपूर खंडपीठ.

यातला कुठलाही कागद देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच मात्र घ्या. कागद मुदतीत दिला होता, हे त्याच शिक्क्यावरून दाखवता येतं.