लाल दोरा, तापलेला ट्रे

बोस्टन शहरातल्या काही बायकांनी १८३४ च्या डिसेंबरमध्ये नाताळच्या खरेदीसाठी एक बाजार भरवला. विकायला होत्या हाताने शिवलेल्या, विणलेल्या, भरलेल्या वस्तू, आणि येणारा पैसा जाणार होता गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीला. लिडिया मारिया चाइल्ड आणि लुइसा लॉरिंग यांनी सुरुवात केली. पुढे मारिया वेस्टन चॅपमन यांनी सूत्रं हाती घेतली आणि जवळजवळ पाव शतक हा बाजार दर वर्षी भरत राहिला. फिलाडेल्फियातल्या स्त्रियांनीही १८३६ पासून असाच नाताळ बाजार चालवला. ज्यांना मतदानाचा हक्क नव्हता, त्यांनी सुई हाती घेतली. टाचण्यांच्या गाद्यांवर, सुया ठेवायच्या घड्यांवर, पिशव्यांवर त्यांनी मुक्तीची वचनं भरली.

याच परंपरेत, अमेरिकी यादवी युद्धाच्या सुमारास, तापलेलं भांडं धरायचं कापडी पॅडही आलं. आपल्याकडे ज्या कामाला मसोतं लागतं, त्याच कामाची ही वस्तू. तिच्यावर एक इंग्रजी कोटी भरलेली असे: धरणारा कोणीही चालेल, पण गुलाम धरून ठेवणारा नको, अशा अर्थाची. हे पॅड चुलीपाशी लटकणार, दिवसातून अनेकदा हातात येणार, आणि प्रत्येक वेळी ते वचन डोळ्यांसमोर येणार. भिंतीवरच्या तसबिरीची सवय होऊन ती दिसेनाशी होते. रोज वापरायच्या वस्तूचं तसं होत नाही. त्या बायकांनी हे ओळखलं होतं.

नाताळच्या भाजणीसाठी घरी शिवलेल्या, भरतकाम केलेल्या ओव्हनच्या हातमोज्याकडे या इतिहासातून पाहायला हवं. हौसेची किरकोळ वस्तू म्हणून त्याला बाजूला सारणं अन्यायाचं आहे. त्याचा रंग, त्यावरचा टाका, टाक्याची जागा, आतले थर हे सगळं वापराने ठरवलेलं आहे. या कलेचा गुरू उपयोग आहे, आणि तो कडक गुरू आहे.

महाराष्ट्राशी जुळलेला धागा

बोस्टनचा आणि महाराष्ट्राचा संबंध त्या बाजाराहूनही जुना. बोस्टनच्या मिशन मंडळाने पाठवलेल्या मिशनऱ्यांनी १८१३ साली मुंबईत मराठी मिशनचं काम सुरू केलं आणि १८३१ मध्ये ते अहमदनगरला पोचलं. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. अशा मिशन शाळांत अक्षरओळखीच्या जोडीला शिवणही शिकवलं जाई.

गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकी लोकांविषयी महाराष्ट्रात केवढी आस्था होती, याची साक्ष जोतीराव फुले यांनी दिली आहे. १८७३ चं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी त्याच लोकांना अर्पण केलं. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथल्या स्त्रियांच्या संघटनशक्तीने त्या भारावल्या आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्यांनी त्या समाजाचं सविस्तर वर्णन केलं. त्यांच्या शाळेसाठी पैसा उभारणारी रमाबाई असोसिएशन १८८७ च्या डिसेंबरमध्ये स्थापन झाली ती बोस्टनमध्येच. एका चांगल्या कामासाठी बायकांनी मंडळ करायचं, वर्गणी जमवायची, हिशेब ठेवायचा ही रीत त्या शहरात अर्धशतक मुरलेली होती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी निराधार स्त्रियांना जे उद्योग शिकवले, त्यांत शिवण आणि विणकामही होतं.

लालच का?

नाताळच्या स्वयंपाकघरातल्या कापडांवर लाल दोऱ्याचं भरतकाम इतकं का दिसतं? सणाचा रंग हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं धुण्याच्या घमेल्यात आहे. स्वयंपाकघरातलं कापड तेलकट होतं, काळवंडतं, गरम पाण्यात साबणाने चोळून धुवावं लागतं. रंग गेला तर पांढऱ्या कापडाचा सत्यानाश. एकोणिसाव्या शतकात या कसोटीला उतरणारा रंग होता तो ‘टर्की रेड’.

हा रंग पूर्व भूमध्य प्रदेशातल्या रंगाऱ्यांचा. मंजिष्ठेच्या जातीच्या एका झाडाची मुळं, तेल, शेण, तुरटी असे पदार्थ आणि कित्येक दिवस चालणाऱ्या प्रक्रिया, असा त्याचा खटाटोप. अठराव्या शतकाच्या मध्याला तो फ्रान्समध्ये पोचला आणि १७८५ मध्ये पापिलाँ या फ्रेंच रंगाऱ्याबरोबर ग्लासगोला. जवळच्या लेव्हन नदीच्या खोऱ्यात त्याचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांची एक मोठी बाजारपेठ होती हिंदुस्थान. मोर, फुलं, कोयऱ्या छापलेलं लाल सुती कापड मुंबईच्या बंदरात उतरे, आणि गठ्ठ्यांवर चिकटवलेल्या चित्रांत आपले देवदेवता असत.

१८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतलं रंगद्रव्य, अ‍ॅलिझरीन, प्रयोगशाळेत तयार केलं. लाल रंग स्वस्त झाला. त्याची किंमत वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने आणि रंगाऱ्याने मोजली. आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून लाल रंग काढण्याचा त्यांचा पिढीजात धंदा या कृत्रिम रंगापुढे टिकला नाही. अमेरिकेतल्या घरांत मात्र त्याच काळात लाल दोऱ्याच्या भरतकामाची लाट आली. लंडनमध्ये १८७२ साली स्थापन झालेल्या भरतकामाच्या शाही विद्यालयाचं काम १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात मांडलं गेलं. तिथून बाह्यरेषा भरण्याचा सोपा टाका घरोघरी गेला. चित्र छापलेले मांजरपाटाचे चौकोन एका पेनीला मिळू लागले. एक रंग, एक टाका, स्वस्त कापड, आणि धुतलं तरी न जाणारा दोरा. गरिबाघरच्या मुलीलाही परवडेल अशी ती कला होती.

आज मुंबई-पुण्यात भरतकामाच्या दुकानात अँकरची किंवा डीएमसीची लाल लडी मिळते. डीएमसीचा ३२१ क्रमांकाचा लाल नाताळच्या नमुन्यांत हमखास असतो. लडीत सहा पदर असतात. बारीक रेषेसाठी त्यांतले दोन पुरतात. रंग पक्का आहे असं लडीवर छापलेलं असलं तरी गडद लाल दोऱ्याचा वीतभर तुकडा पांढऱ्या ओल्या कापडात दाबून पाहावा. डाग उमटला तर तो दोरा नको.

भाजतं कशामुळे?

हातमोजा हाताला वाचवतो तो त्यातल्या हवेमुळे. कापसाच्या तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा उष्णता फार हळू वाहून नेते. तीच जागा पाण्याने घेतली तर उष्णता सुमारे २४ पट सहज वाहते. म्हणून ओल्या मसोत्याने तापलेलं भांडं धरलं की चटका बसतो. भांडं पुसून ओलसर झालेला हातमोजा घालून ओव्हनमध्ये हात घालू नये, हा या वस्तूचा पहिला नियम. त्वचेला फार उष्णता लागतही नाही: ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाचेक सेकंदांत खोल भाजतं.

फळांचा केक १५० ते १६० अंशांवर भाजतात, बिस्किटं १८० च्या आसपास, पाव २२० किंवा त्याहून वर. यात सुती कापड टिकतं. पॉलिएस्टर मात्र २५० ते २६० अंशांना वितळतं आणि त्याआधीच मऊ पडतं. ट्रे तेवढा तापत नसला तरी घरगुती ओटीजीच्या, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनच्या, लालबुंद सळ्या त्याच्या कितीतरी पुढे असतात. सळईला टेकलेलं पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटू शकतं. म्हणून बाहेरचं कापड, अस्तर, भरण आणि शिलाईचा दोरा, चारही सुती हवेत. लोकरीचं भरण आणखी चांगलं, कारण लोकर सहजी पेट घेत नाही.

चकचकीत धातूचा पातळ थर असलेलं भरणही बाजारात मिळतं. ते समोरून येणारी धग परतवतं, पण तापलेल्या ट्रेला टेकताना खरं काम जाडीचंच असतं, म्हणून त्याच्या जोडीला कापसाचा थर लागतोच. धातू असल्यामुळे असा हातमोजा मायक्रोवेव्हमध्ये विसरून ठेवता कामा नये. युरोपातल्या ‘ईएन ४०७’ या मानकात हातमोज्यांची परीक्षा १००, २५०, ३५० आणि ५०० अंश तापलेल्या पृष्ठभागावर घेतात. निदान १५ सेकंद आतलं तापमान १० अंशांनी वाढता कामा नये, अशी ती अट. घरच्या हातमोज्यालाही साधी परीक्षा द्यावी: तापलेला रिकामा ट्रे उचलून शांतपणे वीस अंक मोजता आले पाहिजेत, आणि धग लागताच ठेवायला जागा शेजारी हवी.

आपल्याकडची भट्टी

गोव्यातला पोदेर किंवा वसई-वांद्र्याचा बेकरीवाला भट्टीत हात घालतच नाही. लांब दांड्याच्या लाकडी फळीने तो पाव आत सारतो आणि बाहेर काढतो. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा नाताळच्या आधी केकचे डबे जवळच्या बेकरीतच भाजायला जात. घरात होत त्या नेवऱ्या, कुलकुल, दोदोल यांना कढई पुरे.

बेबिंक या थराथरांच्या गोड पदार्थाची गोष्ट वेगळी. नारळाचं दूध, अंड्यांचा बलक, साखर, मैदा यांचा एक थर ओतायचा, झाकणावर निखारे ठेवून तो वरून भाजायचा, झाकण उचलायचं, तुपाचा हात फिरवून पुढचा थर ओतायचा. सात किंवा त्याहून जास्त थर, आणि दर थराला निखाऱ्यांसकट झाकण उचलणं. आता ओटीजी आल्यावरही तेच: दर थराला दार उघडायचं, धगीत हात घालायचा. बेबिंक करणाऱ्या घराला मनगटाच्या बरंच वर येणारा हातमोजा खरोखर लागतो, कारण भाजण्याचे डाग बोटांपेक्षा मनगटावर आणि कोपराखाली जास्त दिसतात. ओव्हनची वरची सळई तिथेच लागते.

शिवताना

कापड आधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. सुती कापड आटतं आणि नंतर आटलं तर हातमोजा आक्रसतो. अंगठा बाजूला काढून हात कागदावर ठेवावा आणि भोवती तीन ते चार सेंटीमीटर सोडून आकार काढावा. लांबी ३० सेंटीमीटरच्या खाली नको. सैल हातमोजा चटकन झटकून काढता येतो, म्हणून तोही सुरक्षिततेचाच भाग आहे.

भरतकाम कापड कापण्याआधी करायचं. आकार नुसता आखून कापड रिंगमध्ये ताणायचं. नक्षी हाताच्या मागच्या बाजूला, तळव्यावर कधीच नाही. तळव्यावर घट्ट भरीव टाके घातले तर ट्रे निसटतो, आणि टाके पडतात तिथे थर दाबले जाऊन हवा निघून जाते. सणाचा म्हणून सोनेरी जरीसारखा दोरा वापरण्याचा मोह होतो. हल्लीचा असा बहुतेक दोरा प्लास्टिकच्या पातळ फितीचा असतो. वापरायचाच तर फक्त मनगटाच्या पट्टीवर.

नमुना परदेशी पुस्तकातलाच हवा असं नाही. वसईच्या आणि गोव्याच्या दारादारांत लागणारा चांदणीचा कंदील देठाच्या टाक्यात सुरेख उतरतो. गोठ्याचं छप्पर धावदोऱ्याचं, गवत सुट्या टाक्यांचं. डिसेंबरात आपल्याकडच्या रोपवाटिका लाल करणारा पॉइन्सेटिया साखळी टाक्यात भरावा, मधे पिवळ्या गाठी.

मग थर लावायचे: बाहेरचं कापड, कापसाच्या भरणाचे दोन पदर, अस्तर. इथे आपल्याकडच्या बाईला कोणाची शिकवणी नको, कारण ही गोधडीच आहे. जुन्या मऊ सुती साडीचे सात-आठ पदर हे उत्तम भरण, आणि धावदोऱ्याच्या ओळी तीन-चार सेंटीमीटर अंतराने. ओळी जवळ आल्या तर गोधडी चपटी होते आणि उष्णता आत येते. नक्षीवरून मात्र ओळ न्यायची नाही, तिच्या भोवतीने वळवायची. दोन्ही बाजू सुलट्या समोरासमोर ठेवून एक सेंटीमीटर माया सोडून शिवायचं. अंगठ्याच्या बेचक्यात टीप दोनदा मारायची आणि मायेत टिपेच्या अगदी जवळपर्यंत कात्रीचा छेद द्यायचा, नाहीतर उलटल्यावर तिथे चुणी पडते. शेवटी मनगटाला पट्टी आणि टांगायला नाडी.

नाव भरा

बोस्टनच्या बाजारातल्या बहुतेक वस्तू कोणी शिवल्या, हे आज सांगता येत नाही. स्वयंपाकघरातलं कापड वापरून झिजतं, फाटतं, फेकलं जातं, आणि करणारीचं नाव त्याच्याबरोबर जातं. लाल भरतकामाच्या काळात याच्या उलट एक सुंदर प्रथा होती. अमेरिकेतल्या चर्चच्या बायका थोडे पैसे घेऊन देणगीदाराचं नाव गोधडीवर लाल दोऱ्याने भरत आणि मग गोधडी विकून संस्थेला पैसे देत. त्या गोधड्या आज गावांच्या इतिहासाची कागदपत्रं म्हणून वाचल्या जातात.

महाराष्ट्रातल्या मिशन शाळांतली शिवणकामाची नमुनापत्रं, वसईच्या आणि नगरच्या घरांतली नाताळची मेजपोसं, आजीने भरलेली मसोती यांची अशी नोंद व्हायला हवी. विद्यापीठांनी आणि संग्रहालयांनी ती करावीच, पण सुरुवात घरातून होऊ शकते. हातमोजा भरून झाला की मनगटाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, उलट्या टिपेने, आपलं नाव, गाव आणि वर्ष लाल दोऱ्यात घालावं. दहा मिनिटांचं काम आहे. ते केलं की करणारीचा पत्ता तिच्या कामापासून तुटत नाही, आणि रोजच्या कामाच्या कलेला तिच्या कर्त्यांची नावं मिळतात.