फवारणी पंपाचा दाब योग्य ठेवा

फळबागेत एचटीपी पंपाचा दाब वाढवला की फवारणी चांगली होते, असा अनेकांचा समज आहे. मात्र दाब १० वरून ४० किलो प्रति चौ.सें.मी. केला, म्हणजे चौपट केला, तरी नोझलमधून द्रावण दुप्पटच पडते. थेंब मात्र बारीक होऊन वाऱ्यावर उडतात. औषध वाया जाते व फवारणाऱ्याच्या अंगावर येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेकांचे प्राण गेले, हे विसरू नये.

दाब नियंत्रक (रेग्युलेटर) जादा द्रावण बायपास नळीवाटे टाकीत परत सोडतो. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१) नियंत्रक व दाबमापक पंपाच्या निकासाकडे, कॉकच्या आधी बसवावेत.

२) बायपास नळीला कॉक लावू नये; ती मुडपू देऊ नये.

३) टाकीत स्वच्छ पाणी भरावे. नियंत्रकाचा स्क्रू सैल करून इंजिन सुरू करावे.

४) गन चालू ठेवून स्क्रू हळूहळू आवळावा. नोझलसाठी शिफारस केलेला दाब आला की लॉकनट घट्ट करावा.

५) एक मिनिट पाणी बादलीत धरून मोजावे. त्याच दाबाला नव्या नोझलपेक्षा १० टक्के जास्त पडल्यास नोझल बदलावे.

६) काम संपल्यावर आधी दाब उतरवावा, मगच नळी सोडावी.

स्क्रू आवळूनही दाब चढत नसेल तर जोर लावू नका. गाळणी तुंबली आहे का, सक्शन नळी हवा घेते का, व्हॉल्व्हखाली कचरा अडकला आहे का, ते आधी पाहा.